मूळ फोटो गेल्यावर उरतो तो स्कॅन

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45 फुटांची. गावभागातल्या आमच्या घरातून माणसं वेळेवर बाहेर पडली, खालच्या कपाटातले अल्बम राहिले. पाणी ओसरल्यावर त्यांचा एकच गठ्ठा झालेला होता. भिजल्यावर फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगतो आणि वाळताना समोरच्या फोटोला धरून बसतो. ओढून सोडवला की चेहराच निघून येतो.

तरी आम्हाला धीर होता. बाबांनी सगळं आधीच एका दुकानातून स्कॅन करून आणलं होतं. ते उघडून पाहिलं तेव्हा खरं नुकसान कळलं. अल्बमचं आख्खं पान एका दमात, 150 डीपीआयला, म्हणजे इंचाला 150 ठिपक्यांनी, वर फाइल लहान व्हावी म्हणून दाबून काढलेलं. आजीचा एकुलता एक फोटो पासपोर्टएवढा होता. 150 ला तो जेमतेम 200 बाय 265 ठिपक्यांचा भरतो. 1200 ला काढला असता तर त्यावरून पाच बाय सात इंचांची स्वच्छ प्रत निघाली असती.

घरातल्या मोडी लिपीतल्या कागदांचं त्याहून वाईट झालं. ते ‘ब्लॅक अँड व्हाइट’वर काढले होते. या पर्यायात प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. फिकट शाई पांढऱ्यात गेली, ओलीचे डाग काळ्यात आले. मोडी वाचणाऱ्यांनीही हात टेकले.

म्हणून साताऱ्याच्या मामांकडचे फोटो मी स्वतः बसून स्कॅन केले. तिथे पुराची भीती नाही, पण पावसाळ्यात बुरशी धरतेच.

स्कॅनर घेताना आतला सेन्सर कोणता ते आधी विचारा. कॅननच्या लाइडसारखे पातळ, स्वस्त स्कॅनर सीआयएस जातीचे. काचेला सपाट टेकलेलं ते छान टिपतात. कडा वळलेला फोटो किंवा वहीचा शिवणीजवळचा भाग काचेपासून उचलला गेला की धूसर येतो. एप्सन व्ही600 सारखे सीसीडी स्कॅनर जाड नि महाग, पण थोडं वर राहिलेलंही स्पष्ट घेतात. जुन्या फोटोंसाठी माझं मत सीसीडीलाच. खोक्यावरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका, ‘ऑप्टिकल’ रिझोल्यूशन पाहा. त्यापलीकडचे ठिपके सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. निगेटिव्ह स्कॅन करायच्या असतील तर झाकणात दिवा हवा.

साध्या फोटोला 600 डीपीआय पुरे, 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हला 2400 च्या पुढे. कागदपत्रांना 300 चालतं; बारीक मोडीला मी 600 च ठेवते. फोटो कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीतच करा, कारण पिवळा डाग रंगात वेगळा ओळखता येतो आणि नंतर काढता येतो. आपोआप धार आणि उजेड वाढवणारे पर्याय बंद ठेवा; पांढऱ्या साडीचे काठ एकदा उजेडात विरले की परत येत नाहीत. छापील वर्तमानपत्रातल्या चित्राला मात्र ‘डीस्क्रीन’ लावा, नाहीतर जाळी उमटते. इन्फ्रारेडने धूळ पुसायची सोय कृष्णधवल निगेटिव्हवर वापरू नका. अशा निगेटिव्हमधली चांदीही त्या किरणांना अडवते आणि चित्रच बिघडतं. मऊ ब्रशने धूळ झटकलेली बरी.

मूळ फाइल टिफमध्ये ठेवा. चार बाय सहाचा फोटो 600 ला साधारण 26 एमबी होतो. होऊ दे. नातेवाइकांना पाठवायला जेपीईजी वेगळी काढा.

दुकानात द्यायचंच असेल तर डीपीआय, रंग आणि फाइलचा प्रकार कागदावर लिहून द्या, फोटो कागद ओढणाऱ्या फीडरमध्ये घालू नका म्हणून सांगा, आणि पहिले दोन-तीन स्कॅन पडद्यावर मोठे करून पाहिल्याशिवाय बाकीचा अल्बम हातातून सोडू नका. कृष्णाकाठी राहणाऱ्यांनी हे काम पावसाळ्याआधी उरकावं आणि एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी.