आहारसल्लागाराची पात्रता

मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने पीडित असलेल्या मनुष्यास शहाळ्याचे पाणी, फळांचे रस आणि पालेभाज्या भरपूर घेण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो वरकरणी निर्दोष वाटेल. हे सर्व पदार्थ नैसर्गिक आहेत व निरोगी माणसास हितकरही आहेत. परंतु त्यांत पोटॅशियम विपुल असते. निरोगी मूत्रपिंडे जादा पोटॅशियम मूत्रावाटे बाहेर टाकतात. दुर्बळ झालेल्या मूत्रपिंडांना ते साधत नाही. रक्तातील पोटॅशियम मर्यादेपलीकडे वाढले की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते आणि प्रसंगी हृदय बंद पडते. म्हणून शिक्षित आहारतज्ज्ञ प्रथम रक्ततपासणीचे आकडे पाहतो. ते वाढलेले आढळल्यास भाजी चिरून पुष्कळ पाण्यात उकळावी व ते पाणी टाकून द्यावे, असे तो सांगतो. इतरांना मात्र भाजीचे पाणी फुकट घालवू नका, असे सांगणाराही तोच!

शरीर, मन व राहणी यांचा एकत्र विचार करून आहार ठरवावा, असे ‘समग्र आहार’ पद्धतीचे पुरस्कर्ते म्हणतात. या विचारात वावगे काही नाही. चांगला वैद्यही तेच करीत असतो. प्रश्न आहे तो सल्ला देणाऱ्याच्या शिक्षणाचा. काही आठवड्यांच्या घरबसल्या अभ्यासक्रमानंतर मिळालेले प्रमाणपत्र आणि विद्यापीठाची पदवी भिंतीवर सारखीच शोभून दिसतात. बेन गोल्डेकर या ब्रिटिश डॉक्टराने २००४ साली एका अमेरिकन संस्थेकडे ६० डॉलर भरून आपल्या मांजरीच्या नावे पोषणसल्लागाराचे सदस्यत्व मिळविले. ती मांजर त्यापूर्वीच मेलेली होती.

उपाधीचे रक्षण कायदा करू शकतो. ब्रिटनमध्ये ‘डायटिशियन’ हे नाव नोंदणीवाचून लावता येत नाही; ‘न्यूट्रिशनिस्ट’ या नावास मात्र तसे कायदेशीर संरक्षण नाही. भारतात २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक कायद्याने आहारतज्ज्ञ व पोषणतज्ज्ञ यांचा अनुसूचीत समावेश केला. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीस किमान ३६०० तासांचे शिक्षण या कायद्यानुसार आवश्यक आहे.

या तासांत जीवरसायन व शरीरक्रियाविज्ञान यांचा अभ्यास तर होतोच. त्याहून मोलाचा असतो तो इस्पितळात अनुभवी व्यक्तींच्या देखरेखीखाली केलेला उमेदवारीचा काळ. तेथे चूक होण्यापूर्वीच कोणीतरी हात धरतो. आपल्या ज्ञानाची सीमा कोठे संपते व रोग्यास डॉक्टराकडे केव्हा पाठवावे, हेही तेथेच समजते. रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन घेणाऱ्या रोग्याने पालेभाज्या एकाएकी वाढविल्या, तर त्यांतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे औषधाचा प्रभाव घटतो व रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून असा उमेदवार रोग्याच्या ताटाविषयी बोलण्यापूर्वी त्याच्या औषधांच्या चिठ्ठ्या मागून घेण्यास शिकतो.