नासाडी ओळखणारा कामगार

दमणगंगेच्या खोऱ्यातील सिल्वासा हे दादरा व नगर हवेलीचे मुख्य ठिकाण होय. १९५४ साली पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेल्या या प्रदेशात १९६५ साली पिपरिया येथे सहकारी तत्त्वावर पहिली औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे मसाट, खडोली येथेही वसाहती झाल्या आणि कृत्रिम धाग्याच्या उद्योगाने जम बसविला. शेतावर राबणाऱ्या वारली, कोकणा व धोडिया कुटुंबांतील तरुण यंत्रावर उभे राहिले. यंत्र चालविणे ते शिकले. आता नासाडी ओळखण्याचे शिक्षणही त्यांना मिळणे अगत्याचे आहे.

नासाडी म्हणजे काय?

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधील टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी विकसित केलेली पद्धती आज ‘लीन’ म्हणजे काटकसरीची उत्पादनपद्धती म्हणून ओळखली जाते. तिचे एक मूळ साकिची टोयोदा यांच्या यंत्रमागात आहे. धागा तुटताच तो माग आपोआप थांबे व सदोष कापड विणले जात नसे. ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार मानले: गरजेहून अधिक उत्पादन, खोळंबा, निरर्थक वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, जादा साठा, व्यर्थ हालचाल आणि सदोष माल.

शिक्षण यंत्राजवळच

आरंभी पाच पायऱ्या शिकवितात: नको ते काढणे, हवे ते जागेवर ठेवणे, सफाई, नियम ठरविणे व ते पाळण्याची सवय. त्यानंतर ‘का?’ असे पुनःपुन्हा विचारणे. समजा, धागा वारंवार तुटतो. का? तो ज्या कड्यातून जातो तेथे मळ साचला. का? सफाई झाली नाही. का? पाळी बदलताना ते काम कोणाचे, हे ठरलेलेच नव्हते. म्हणजे दोष कामगाराच्या हाताचा नसून व्यवस्थेचा ठरतो.

केंद्र शासनाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम मंत्रालयाने मार्च २०२३ मध्ये नव्या स्वरूपात सुरू केलेल्या लीन योजनेत प्राथमिक, मध्यम व प्रगत असे तीन स्तर ठेवले असून, अंमलबजावणीच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्राने उचलण्याची तरतूद केली आहे.

विश्वास हवा

मात्र वाचलेला वेळ म्हणजे कमी केलेली माणसे, अशी शंका आली तर कामगार दोष झाकून ठेवील. सुधारणा सुचविल्यामुळे कोणाचीही रोजी जाणार नाही, ही हमी मालकांनी प्रथम द्यावी. शिक्षकांनी व अधिकाऱ्यांनी हा पाठ कामगाराच्या बोलीत समजावावा. नासाडी सर्वांआधी दिसते ती यंत्रासमोर उभ्या असलेल्यालाच. त्याला ती निर्भयपणे सांगता यावी, हेच या प्रशिक्षणाचे खरे फलित होय.