थंडीने पोलाद टिकते, पण कोणते?

कर्जतसारख्या गावात शिंपी असो वा गॅरेजवाला, हत्यार झिजले की खर्च वाढतो. ‘क्रायो’ प्रक्रिया केली की कटरचे पाते आणि ब्रेकची डिस्क जास्त टिकते, असे सांगतात. पैसे मोजण्यापूर्वी कारागीर बंधूंनी ती समजून घ्यावी.

पोलादाला पाणी दिले की ते कडक होते. मात्र हत्यारी पोलादात थोडा भाग मऊच राहतो. त्याला ऑस्टेनाइट म्हणतात. द्रवरूप नायट्रोजनने (उणे १९६ अंश) माल सावकाश गार करून कित्येक तास ठेवला की हा भाग कडक मार्टेन्साइट बनतो. नंतर टेम्परिंग हवेच, नाहीतर माल ठिसूळ राहतो. हा वरचा लेप नव्हे. पुन्हा धार लावली तरी गुण राहतो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात डी-३ जातीच्या पोलादावर याचे प्रयोग झाले आहेत.

म्हणून फायदा डाय, पंच, ड्रिल, कटरची पाती यांना. साध्या मऊ लोखंडावर पैसे वाया जातील. ब्रेकची डिस्क बहुधा बिडाची असते. तिच्यात असा मऊ भाग फारसा नसतो, त्यामुळे फायद्याची खात्री देता येत नाही. डिस्क तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीखाली गेली असेल तर बदलावीच; तेथे जिवाचा प्रश्न आहे.

खात्री करायची तर एकाच जातीची दोन पाती घ्या. एकावर प्रक्रिया करा, दुसरे तसेच ठेवा. दोन्ही सारख्या कामाला लावून हिशेब लिहा. वहीच खरे सांगेल.