सुंता आणि बाप्तिस्मा : शरीरावरची खूण, अंतःकरणाचा करार



दरवर्षी १ जानेवारीला आपण देवमाता पवित्र मरियेचा सोहळा साजरा करतो. त्या दिवशीचे शुभवर्तमान (लूक २:१६-२१) मेंढपाळांच्या भेटीपासून सुरू होते आणि शेवटच्या ओव्यात सांगते की, आठव्या दिवशी बाळाची सुंता झाली व त्याचे नाव येशू ठेवले. १९६० पर्यंत ख्रिस्तसभेच्या पंचांगात हा दिवस ‘प्रभूच्या सुंतेचा सण’ म्हणूनच ओळखला जाई. १९६९ च्या नव्या दिनदर्शिकेत तो देवमातेचा सोहळा झाला. सणाचे नाव बदलले, पण शुभवर्तमानातली ती ओळ तशीच राहिली. आपण ती ऐकतो आणि संकोचाने पुढे जातो.

प्रश्न मात्र घराघरांत निघतात. धर्मशिक्षणाच्या वर्गातली मुले विचारतात, “येशूची सुंता झाली, मग आपली का नाही?” डॉक्टरांनी मुलाची सुंता करावी लागेल असे सांगितले की आईवडील घाबरतात. यात पाप तर नाही ना? लोक काय म्हणतील? आणि याच शब्दावरून शेजारच्या समाजाची टवाळी होते, तीही आपल्या कानांवर पडते. म्हणून या रविवारी या विषयाचा थोडा अभ्यास करू.

१. अब्राहामाशी केलेला करार

उत्पत्तीच्या सतराव्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो आणि त्याची खूण म्हणून घरातील प्रत्येक पुरुषाची सुंता करण्यास सांगतो. तेव्हा अब्राहाम ९९ वर्षांचा होता आणि त्याचा मुलगा इश्माएल १३ वर्षांचा. पुढे जन्मणाऱ्या मुलांसाठी आठवा दिवस ठरला. मरिया आणि योसेफ यांनी हाच नियम पाळला. प्रभू येशू अब्राहामाच्या वंशात, नियमशास्त्राच्या अधीन जन्मला, हे संत पौलही सांगतो (गलती ४:४).

मात्र जुन्या करारातच एक इशारा आहे. अनुवादाचे पुस्तक (१०:१६) आणि यिर्मया संदेष्टा (४:४) लोकांना अंतःकरणाची सुंता करायला सांगतात. शरीरावर खूण आहे आणि मन मात्र दगडाचे, असे झाले तर करार पाळला असे होत नाही.

२. आपल्या कोकणातील दोन शेजारी

ही खूण दूरच्या देशातली वाटते, पण आपल्या किनाऱ्याला ती फार जुन्या काळापासून ओळखीची आहे.

आपल्या उत्तरेला रायगड जिल्ह्यात अलिबागजवळ नवगाव आहे. बेने इस्राएल समाजाची परंपरा सांगते की, त्यांच्या पूर्वजांचे गलबत तेथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे ते मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि गावांच्या नावांवरून पेणकर, केहिमकर, दिवेकर अशी आडनावे लावू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ग्रंथ नव्हते, दीर्घकाळ सभास्थानही नव्हते. त्यांचे मुंबईतील पहिले सभास्थान १७९६ साली उभे राहिले. तरी शब्बाथ, खाण्यापिण्याचे काही नियम, ‘शमा’ ही प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता या गोष्टी त्यांनी पिढ्यान् पिढ्या सोडल्या नाहीत. यांवरूनच बाहेरच्या यहुदी लोकांना त्यांची ओळख पटली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली, पण अलिबागची इस्राएल आळी आजही त्यांची आठवण देते.

दुसरे शेजारी रोजच्या भेटीतले. मिरकरवाडा असो वा राजिवडा, आपल्या शहरातील मुसलमान कुटुंबांत मुलाची सुन्नत किंवा खतना होते. कुराणात सुंतेचा थेट उल्लेख नाही. ती पैगंबरांच्या परंपरेतून आणि इब्राहिमच्या, म्हणजेच आपल्या अब्राहामाच्या, आठवणीतून आली आहे. कोकणी मुसलमान शाफई पंथाचे आहेत आणि त्या पंथात ती आवश्यक मानली जाते. आठव्या दिवसाची अट मात्र नाही. साधारणपणे मूल वयात येण्यापूर्वी ती उरकतात.

हिंदू बांधवांमध्ये असा संस्कार नाही. म्हणजे एकाच गल्लीत एका घरी ही खूण देवाची आज्ञा आहे, तर दुसऱ्या घरी ती परकी वाटते. मग आपण ख्रिस्ती लोक कोठे उभे आहोत?

३. यरुशलेमच्या सभेचा निर्णय

याचे उत्तर सुमारे इ. स. ४९ मध्ये मिळाले (प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५). अंत्युखियातील मंडळीत यहुदी नसलेले पुष्कळ लोक आले होते. यहुदियातून आलेल्या काहींनी त्यांना बजावले की, सुंता केल्यावाचून तारण नाही. मोठा वाद झाला. पौल आणि बर्णबा यरुशलेमला गेले. पेत्राने साक्ष दिली की देवाने त्या लोकांनाही पवित्र आत्मा दिला आहे, तेव्हा त्यांच्या मानेवर जू ठेवू नये. याकोबाने दुजोरा दिला. सभेने पत्र पाठवून मूर्तीचा प्रसाद, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्यास सांगितले. सुंतेची अट घातली नाही.

येथे पौलाचे वागणे लक्षात घेण्यासारखे आहे. ग्रीक तीताची सुंता करण्याचा दबाव आला, तेव्हा तो एक तसूभरही हलला नाही (गलती २:३-५). पण तीमथ्याची, ज्याची आई यहुदी होती, सुंता त्याने स्वतः करवली, कारण त्या भागातील यहुद्यांमध्ये त्याला सेवा करायची होती (कृत्ये १६:३). यात विसंगती नाही. सुंता तारणाची अट म्हणून मागितली तेव्हा त्याने नकार दिला. प्रेमाच्या कामासाठी उपयोगी पडली तेव्हा होकार दिला. सुंता असो वा नसो, प्रीतीने कार्य करणारा विश्वासच महत्त्वाचा, असे तो गलतीकरांना सांगतो (५:६).

आपल्यासाठी सुंतेची जागा बाप्तिस्म्याने घेतली (कलस्सै २:११-१२). ती खूण फक्त मुलांना होती. बाप्तिस्मा मुलीलाही तोच, तितकाच. तो शरीरावर दिसत नाही. म्हणूनच तो वागण्यातून दिसावा लागतो.

४. इतिहासातील वेदना

दिसणारी खूण माणसाच्या जिवावरही उठते. १९४७ च्या फाळणीच्या दंगलींत पुरुषांची वस्त्रे उतरवून धर्म तपासला गेला आणि त्यावर जगणे-मरणे ठरले. नाझींच्या काळात युरोपातील यहुदी मुले याच खुणेमुळे पकडली गेली. आपल्या ख्रिस्ती इतिहासाचे हातही स्वच्छ नाहीत. १५६० ते १८१२ या काळात, १७७४ ते १७७८ ही चार वर्षे वगळता, गोव्यात इन्क्विझिशन चालले. तेथे यहुदी वंशाच्या ख्रिस्ती लोकांवर जुन्या चालीरीती गुपचूप पाळल्याचा संशय घेऊन खटले झाले. वनौषधींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले. १५८० साली त्यांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ‘नोस्त्रा एताते’ हा दस्तऐवज प्रसिद्ध केला. त्यात यहुदी लोकांशी आपले आध्यात्मिक नाते मान्य केले आहे आणि मुसलमान बांधवांबद्दल आदर व्यक्त केला आहे.

५. ख्रिस्ती जगातील निरनिराळ्या चाली

फ्लॉरेन्सच्या परिषदेने १४४२ साली ख्रिस्ती लोकांना सुंतेची प्रथा सोडण्यास सांगितले, कारण तिच्यावर तारणाची आशा ठेवली जाऊ नये. तरी इजिप्तचे कॉप्टिक आणि इथिओपियाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती रूढी म्हणून ती पाळतात. फिलिपिन्स हा कॅथलिकबहुल देश. तेथेही मुलांची ‘तुली’ होते. ती समाजाची रीत आहे, ख्रिस्तसभेचा संस्कार नाही. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने, एचआयव्हीचा प्रसार फार असलेल्या आफ्रिकी देशांसाठी पुरुषांच्या सुंतेची शिफारस केली, कारण तिच्यामुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारा संसर्ग सुमारे ६० टक्क्यांनी घटतो. पूर्ण संरक्षण मात्र मिळत नाही.

६. आपल्या घरातील प्रश्न

डॉक्टरांनी सांगितले तर? आजारावरील उपचार म्हणून केलेली सुंता ही शस्त्रक्रिया आहे. तिच्यात पाप नाही. तिच्यामुळे मुलाचा बाप्तिस्मा पुसला जात नाही आणि धर्मही बदलत नाही. लहान बाळाची तेथील त्वचा मागे न सरकणे हे बहुधा नैसर्गिक असते आणि वयानुसार ती सैल होते. ती जोर लावून ओढू नये. कधी मलमानेही काम भागते. लघवीला त्रास, सूज किंवा वारंवार जंतुसंसर्ग असेल तर लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे.

मुलांनी विचारले तर? त्यांना गप्प करू नका. येशू यहुदी घरात जन्मला, त्या घराची रीत त्याने स्वीकारली, आणि आपल्याला बाप्तिस्मा दिला, इतके सोपे उत्तर पुरे.

टवाळी ऐकू आली तर? हसण्यात सामील होऊ नका. ज्या खुणेवरून शेजाऱ्याची थट्टा होते, ती आपल्या प्रभूने स्वतःच्या शरीरावर धारण केली होती. यरुशलेमच्या सभेने आपल्याला त्या खुणेतून मोकळे केले; ती धारण करणाऱ्यांना हिणवण्याची मोकळीक दिली नाही.

कुटुंबात चिंतनासाठी

१. माझा बाप्तिस्मा माझ्या कोणत्या वागण्यातून शेजाऱ्याला दिसतो?
२. दुसऱ्या धर्माच्या रीतींबद्दल मी मुलांसमोर कसे बोलतो?
३. पौलाप्रमाणे कोठे ठाम राहावे आणि कोठे नमते घ्यावे, हे मी कसे ठरवतो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, आठव्या दिवशी तू अब्राहामाच्या कराराची खूण स्वीकारलीस आणि आपले पवित्र नाव धारण केलेस. आमची अंतःकरणे मऊ कर. आमच्या गावातील अब्राहामाच्या सर्व लेकरांशी आम्हांला आदराने वागायला शिकव. आमेन.