गिझरचे पाणी का तापत नाही?

पूर्वी घरोघर तांब्याचा बंब असे. पाणी तापले नाही, तर कारण डोळ्यांना दिसे. जळण ओले, नाहीतर निखारे विझलेले. आता पुष्कळ घरांत विजेचा गिझर आला आहे. त्याचा विस्तव दिसत नाही. म्हणून बिघाड क्रमाने शोधावा.

गिझर म्हणजे बंद टाकी. तिच्या पोटात कॉईल असते. विजेने कॉईल तापते आणि पाणी तापवते. पाणी पुरेसे तापले की थर्मोस्टॅट वीज तोडतो. पाणी निवले की पुन्हा जोडतो.

पाणी गारच येते? मग असे पाहा.

१. घरात वीज आहे का? दिवा लावून बघा.

२. मीटरजवळचा खटका पडला आहे का? वायरमन त्याला एमसीबी म्हणतात. गिझरचे बटण बंद करा. खटका एकदाच वर करा. बटण दाबताच तो पुन्हा पडला, तर आत बिघाड आहे. पुन्हा पुन्हा वर करू नका. वायरमनला बोलवा.

३. गिझरवरचा दिवा लागतो का? नसेल, तर बटण बंद करून प्लग पाहा. गिझरला १६ अँपिअरचा मोठा प्लग लागतो. तो काळा पडला असेल, तर बदलून घ्या.

४. दिवा लागतो, पण अर्ध्या तासानेही पाणी गारच? मग कॉईल जळली असेल. टाकी रिकामी असताना बटण दाबले, की कॉईल कोरडी तापते आणि जळते. म्हणून आधी गरम पाण्याची तोटी उघडा. सलग धार आली, मगच बटण दाबा.

५. पाणी तापते, पण फार वेळ लागतो? बोअरच्या जड पाण्याचा क्षार कॉईलवर बसतो. तो काढून घ्या. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला, की १ युनिट वीज जळते. उशीर म्हणजे पैसा.

आता सर्वांत मोठी गोष्ट. तोटीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर लगेच दूर व्हा. कोरड्या हाताने घराचा मुख्य खटका पाडा. अर्थिंगची हिरवी तार तपासून घ्या. ही तार तुटली तरी दिवा लागतो, पाणीही तापते. सारे ठीक वाटते. म्हणूनच हा बिघाड जिवावर बेततो.

बाहेरचे आपण पाहावे. झाकण मात्र वायरमननेच उघडावे.

प्रश्न : बटण दाबण्याआधी काय पाहावे? अर्थिंगची तार कशासाठी?