फवारणीच्या थेंबाचे मोजमाप

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले शेंदूरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी सर्वपरिचित आहे. येथील बागायतदारांना कोळशी नवी नाही. ती पसरविणाऱ्या काळ्या माशीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूस चिकटून रस शोषतात. औषध तेथवर पोचणे न पोचणे बरेचसे थेंबाच्या आकारावर अवलंबून असते.

हा आकार मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. 400 मायक्रॉन व्यासाच्या एका थेंबातील द्रवाचे 100 मायक्रॉनचे 64 थेंब होतात. बारीक थेंबांनी अधिक पृष्ठभाग व्यापला जातो हे खरे. परंतु 100 मायक्रॉनचा थेंब सेकंदाला सुमारे पाव मीटर या संथ गतीने खाली येतो. दोन मीटर उंचीवरून सुटलेला असा थेंब, सेकंदाला दोन मीटर वेगाच्या मंद वाऱ्यातही सुमारे सोळा मीटर दूर जाऊ शकतो. याउलट, फार मोठे थेंब पानावरून ओघळून मातीत जातात.

प्रयोगशाळेत हे मोजमाप प्रकाशाच्या साहाय्याने होते. फवाऱ्यातून लेसर किरण सोडला असता थेंब जितका लहान, तितका प्रकाश मोठ्या कोनात पसरतो. समोरच्या संवेदकांवर पडलेल्या प्रकाशावरून, फवाऱ्याला धक्का न लावता, थेंबांचे आकारमान काढता येते. डिझेल इंजिनातील इंधनाचा फवाराही याच तत्त्वाने तपासतात.

गावपातळीवर मात्र पाण्याचा थेंब पडताच निळा होणारा पिवळा कागद पुरेसा आहे. कोरड्या हातांनी त्याचे तुकडे पानांच्या वर व खाली लावावेत, पंपात केवळ स्वच्छ पाणी भरून फवारावे आणि भिंगातून डाग पाहावेत. डाग मूळ थेंबापेक्षा मोठा असतो, हे ध्यानी घ्यावे. खालचा कागद पिवळाच राहिला, तर फवारणीची दिशा बदलावी. डाग एकमेकांत मिसळले, तर पाणी जास्त झाले असे समजावे. झिजलेले नोझल बदलावे. दाब वाढविल्यास थेंब अधिक बारीक होतात, याचा विसर पडू नये.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागे कारणे अनेक होती. तथापि हवेत तरंगणारे औषध श्वासावाटे शरीरात जाते, हा धडा विसरता येणार नाही. वारा असताना फवारणी टाळणे आणि मुखपट्टी, हातमोजे वापरणे यांना पर्याय नाही.

ग्रामपंचायतीने हंगामापूर्वी असे एक प्रात्यक्षिक घडवून आणावे. शिक्षकांनी भिंग घेऊन विद्यार्थ्यांसह त्यात सहभागी व्हावे. डोळ्यांना न दिसणारा थेंब एकदा कागदावर दिसला, म्हणजे सावधगिरीचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.