आंबा घाटात ट्रेलर ओढताना

प्रश्न : एसयूव्हीला छोटा कॅरॅव्हॅन ट्रेलर जोडून रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला जायचं आहे. काय तयारी करावी?

उत्तर : आधी गाडीच्या पुस्तिकेत ओढण्याची कमाल मर्यादा पाहा. हुक चासीलाच बसवलेला हवा, बंपरला नव्हे. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 टक्के भार हुकवर यावा. जड सामान मागे ठेवलंत तर वेगात ट्रेलर डोलू लागतो आणि मग आवरत नाही. म्हणून पाण्याची टाकी चाकांच्या वर, जरा पुढेच. सुरक्षा साखळ्या ट्रेलरच्या पुढच्या दांड्याखाली एकमेकींना छेद देऊन गाडीला अडकवा. हुक निसटलाच तर दांडा त्यांच्यावर झेलला जातो. परतताना साखरपा गावाकडच्या उतारावर खालच्या गिअरमध्ये राहा, सतत दाबलेले ब्रेक तापून निकामी होतात. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर कृपया या घाटात नेऊच नका.